माथेरान : पायी पाहण्याचे गाव

शनिवारच्या सकाळी नेरळ स्थानकात मुंबई-ठाण्याकडील शेकडो प्रवासी उतरतात. त्यांतील बहुसंख्य टॅक्सीने दस्तुरी नाका गाठतात. मोजके तरुण मात्र पाठीवर पिशवी टाकून पायीच घाट चढू लागतात. माथ्यावरचे गाव दोघांचेही एकच. परंतु दोघांना भेटणारे माथेरान एक नसते. धापा टाकीत आलेल्यास जांभूळ-हिरड्याच्या सावलीची किंमत कळते. इतरांच्या वाट्याला बहुधा चिक्की, चपला आणि छायाचित्रे येतात.

ठाण्याचा जिल्हाधिकारी ह्यू मॅलेट १८५० साली चौककडून हा डोंगर चढला आणि त्याने माथेरानचा 'शोध' लावला, असे इतिहास सांगतो. पायथ्याच्या ठाकर, कातकरी, धनगर समाजांना या डोंगराच्या वाटा त्यापूर्वीच पायाखालच्या होत्या. पुढे गोऱ्या साहेबांच्या सोयीसाठी गाव वसले. १९०७ साली आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबाच्या पुढाकाराने छोटी आगगाडी सुरू झाली. साहेब गेला, मात्र माणसाने ओढलेल्या गाडीत माणसाने बसण्याची प्रथा स्वातंत्र्यानंतरही टिकून राहिली. ६ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करण्याचा आणि त्या ओढणाऱ्यांचे ई-रिक्षांद्वारे पुनर्वसन करण्याचा आदेश दिला. पंचाहत्तर वर्षांहून अधिक काळ हे शल्य समाजाला बोचले नाही, याची खंत वाटली पाहिजे.

ई-रिक्षा हे श्रमिकाच्या प्रतिष्ठेचे साधन आहे, त्याचे स्वागतच व्हावे. वृद्ध, रुग्ण आणि दूरवर चालत शाळेत जाणारी मुले यांचा तिच्यावर पहिला हक्क आहे. धडधाकट पर्यटकानेच ती अडवली, तर सुधारणेचा हेतू विफल होईल. माथेरानला २००३ साली पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र घोषित करण्यात आले. तेथील तांबडी माती पावसात सहज वाहून जाते. वाहनांची संख्या आणि पक्क्या रस्त्यांची मागणी वाढत गेली, तर मोटारीवाचून असलेल्या या गावाचे वेगळेपण उरणार नाही.

म्हणून या प्रश्नाचे उत्तर जितके शासनाकडे, तितकेच आपल्या घराघरांत आहे. मुलांना सहलीला नेताना वाहनाने किती जवळ जाता येईल, हाच आपला पहिला प्रश्न असतो. त्याऐवजी हिवाळ्यातील एखाद्या रविवारी त्यांना नेरळहून पायी वर न्यावे. दमल्यावर थांबणे, मागे राहिलेल्यास सोबत घेणे, पाणी वाटून पिणे हे संस्कार पुस्तकातून होत नाहीत. वाटेवरच्या आदिवासी भगिनीकडून रानमेवा घ्यावा, हमालाला त्याच्या कष्टाचे योग्य दाम द्यावे, 'अहो दादा' म्हणून दोन शब्द बोलावेत. आणि आपला कचरा आपल्याच पिशवीतून खाली आणावा.

डोंगराला आपल्या पूर्वजांनी देव मानले. देवदर्शनाला चालत जाण्याची रीत वारीने महाराष्ट्राला शिकवलीच आहे. सुटीच्या दोन दिवसांत तिचा विसर पडू नये, एवढेच.