कोंबडीच्या पोटातलं विरजण

थंडीत गावाकडे गेले होते. माझ्या धाकट्या जावेनं हौसेनं एका दिवसाची पंचवीस गिरिराज पिल्लं आणली होती. मी पोचले तेव्हा अकराच उरली होती. बाकीची हगवणीनं गेली. "वहिनी, पोटातल्या चांगल्या जंतूंची पूड रोज पाण्यातून देत होते हो, तरी असं कसं झालं?" असं म्हणताना बिचारीचे डोळे भरून आले. अंड्यांच्या पैशांतून तिला लेकीच्या शिकवणीची फी भरायची होती.

पूड कशी देत होतीस, विचारलं. तर थंडी म्हणून कढत पाण्यात कालवून! आणि पाणी नळाचं, क्लोरीनचा वास येणारं.

"अगं, कढत दुधात कधी विरजण घालतेस का?" मी म्हटलं. तिच्या लगेच लक्षात आलं. पुडीतले जंतू आपल्या दह्यातल्या जंतूंचेच भाऊबंद, लॅक्टोबॅसिलस जातीचे. चटका बसला की मरतात. आणि क्लोरीन तर पाण्यातले जंतू मारण्यासाठीच घालतात, त्याला चांगला-वाईट काय कळणार!

बरं, जिवंत पोचले तरी पुढची वाट सोपी नाही. कोंबडीचं अंग आपल्यापेक्षा गरम, एक्केचाळीस-बेचाळीस अंश. ते या जंतूंना मानवतं. दाणे टिपल्यावर गळ्याखाली पिशवी फुगते ना, तिथं पहिला मुक्काम. उबदार, ओलसर, किंचित आंबट जागा. काही जंतू तिथंच अस्तराला चिकटून संसार थाटतात. पुढे मात्र आम्लाचं जठर, आणि त्याला लागून पेटा, तोच आपण कलेजीबरोबर आणतो तो. इथं आम्लात भिजून भरडलं जायचं. चिवट जंतू काय करतात, तर शरीरात शिरलेलं आम्ल सारखं बाहेर उपसतात, गळक्या होडीतलं पाणी उपसावं तसं. सोबत खाद्य असलं तर आम्लाचा जोरही थोडा कमी होतो. म्हणून ही पूड उपाशी पोटी देण्यापेक्षा खाण्याबरोबर द्यावी.

त्यातून सुटले की आतड्यात पित्त! साबणानं तेलकट भांडं निघावं तसं पित्त जंतूंचं स्निग्ध आवरण विरघळवतं. काही लॅक्टोबॅसिलसकडे पित्ताचे क्षार तोडणारं पाचक द्रव्य असतं, ते तरतात. त्यांनाही आतड्याला चिकटावं लागतं किंवा भराभर वाढावं लागतं, कारण कोंबडीचं खाणं काही तासांतच बाहेर पडतं. बॅसिलस नावाच्या दुसऱ्या जंतूंची तऱ्हा निराळी. ते बीजाणू होऊन, टणक कवचाच्या बीसारखे झोपून प्रवास करतात आणि आतड्यात रुजतात. गोळी-खाद्य बनवतानाची वाफसुद्धा ते सोसतात, म्हणून तयार खाद्यात बहुधा तेच घालतात.

पण मुळात पिल्लाला पूड का लागावी? कोंबडीखाली उबलेलं पिल्लू आईच्या मागं माती उकरताना, तिची विष्ठा चिवडताना तिचे जंतू आपसूक घेतं. यंत्रात उबलेल्याला आईच नाही! १९७३ साली फिनलंडच्या नुर्मी आणि रांताला या शास्त्रज्ञांनी दाखवलं, की नुकत्या जन्मलेल्या पिल्लांना मोठ्या पक्ष्यांच्या पोटातला ऐवज पाजला, तर साल्मोनेलाला त्यांच्या आतड्यात सहजी थारा मिळत नाही. जागा आधीच भरलेली ना! पण म्हणून कुणी घरी हा प्रयोग करू नका. आजारी कोंबडीचे रोगही त्यातूनच जातात.

जावेनं आणखी एक केलं होतं. हगवण लागल्यावर घरात उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्याही त्याच पाण्यात चुरल्या. एका हातानं पेरायचं अन् दुसऱ्यानं नांगर फिरवायचा, असंच की ते! हे औषध डॉक्टरांना विचारल्यावाचून देऊच नये.

पूड बिघडली म्हणूनच पिल्लं गेली असं मात्र मी म्हणणार नाही. जनावरांच्या डॉक्टरांनी ऊब कमी पडली, खालचं तूस ओलं राहिलं, हे आधी सांगितलं. पूड त्यानंतरची. आणि विष्ठेत रक्त दिसलं तर पुडीची वाट न पाहता त्यांनाच गाठायचं.

आता ती पाणी उकळून गार करते, खाण्याच्या वेळी त्यात पूड कालवते आणि दोन-तीन तासांत संपेल इतकंच ठेवते. पुडीचा डबा चुलीजवळच्या फळीवर होता, तो माठाशेजारी गेला. अकराच्या अकरा हिंडताहेत. परवा तिनं फोनवर सांगितलं, त्यातले चार कोंबडे निघाले!