सोलर दिवा लावणारे बरेच, दुरुस्त करणारा कोण? बांगलादेशच्या बेटांनी दिलेला धडा

गावात सोलरचे खांब उभे राहतात, फोटो निघतात, नव्याचे नऊ दिवस सरतात. दोन-तीन पावसाळ्यांनंतर बॅटरी बसते आणि खांब नुसताच उभा राहतो. हे चित्र अनेक तालुक्यांत ओळखीचं आहे. मग चारही बाजूंनी पाणी असलेल्या बेटांवर, जिथं वायरमन पोचायलाच बोट लागते, तिथं सोलर वर्षानुवर्षं कसं चाललं? उत्तर शेजारच्या बांगलादेशात सापडतं.

वायर नाही, रॉकेल महाग

मेघना नदी समुद्राला मिळते तिथं संद्वीप, मनपुरा अशी बेटं आहेत. नदीपात्रात गाळ साचून तयार झालेली असंख्य छोटी बेटं वेगळीच. त्यांना तिथं 'चर' म्हणतात. नदी फिरली की चर कापला जातो आणि माणसं घर उचलून दुसरीकडे जातात. अशा जागी विजेचे खांब रोवायचे कुठे? त्यामुळे लोकांचा आधार होता रॉकेलची चिमणी. खर्च रोजचा आणि धूर घरभर.

2003 साली बांगलादेशात 'इडकॉल' या सरकारी वित्तसंस्थेनं घरगुती सोलरची योजना सुरू केली. जागतिक बँकेसह अनेकांनी पैसा दिला. 2018 पर्यंत 40 लाखांहून जास्त घरांवर सोलर बसलं, म्हणजे सुमारे 2 कोटी लोकांच्या घरात उजेड आला.

जमलं कशामुळे?

पॅनेल काही जादूचं नव्हतं. फरक पडला तो विकण्याच्या आणि सांभाळण्याच्या पद्धतीनं.

इडकॉलनं स्वतः घरोघरी सोलर वाटलं नाही. गावपातळीवर आधीपासून कर्जवाटप करणाऱ्या संस्थांना पैसा दिला. 1996 मध्ये सुरू झालेली ग्रामीण शक्ती ही त्यातली सर्वांत मोठी. या संस्थांनी गावाजवळ छोटी कार्यालयं उघडली आणि स्थानिक पोरापोरींना तंत्रज्ञ म्हणून शिकवलं. ग्राहकानं साधारण 10 ते 15 टक्के रक्कम आधी भरायची, बाकी दोन-तीन वर्षांत मासिक हप्त्यानं. हप्ता रॉकेलवर जाणाऱ्या पैशाच्या आसपास बसला की घराला तो झेपायचा.

खरी मेख पुढेच आहे. हप्ता घ्यायला येणारा माणूसच बॅटरीचं पाणी बघायचा, सैल वायर घट्ट करायचा. दिवा बंद पडला तर ग्राहक हप्ता देणार नाही, हे त्याला पक्कं माहीत. त्यामुळे दुरुस्ती हा उपकाराचा विषय उरला नाही, धंद्याचा झाला.

ज्यांना पूर्ण संच परवडत नव्हता, त्यांच्यासाठीही वाट निघाली. बाजारातला एखादा दुकानदार हप्त्यावर थोडा मोठा संच घ्यायचा आणि शेजारच्या दुकानांना एकेक दिवा रोजच्या भाड्यानं द्यायचा. त्याचा हप्ता भाड्यातून निघायचा आणि बाकीच्यांचं दुकान अंधारानंतरही चालू राहायचं.

मग घडी कुठे विस्कटली?

2013 च्या सुमारास विक्री शिखरावर होती. त्यानंतर ती घसरत गेली. एक कारण चांगलं होतं: सरकारनं विजेच्या तारा झपाट्यानं वाढवल्या. संद्वीपमध्ये 2010 साली 100 किलोवॅटचा सोलर प्रकल्प उभा राहिला होता. 2018 मध्ये तिथं समुद्राखालून केबल टाकून वीज पोचली.

दुसरं कारण विचार करायला लावणारं आहे. दुसऱ्या सरकारी योजनेतून सोलर संच फुकट वाटले जाऊ लागले. शेजाऱ्याला फुकट मिळालं म्हटल्यावर हप्ता कोण भरणार? बाजारात स्वस्त, कमी दर्जाचा मालही शिरला. वसुली थकली, संस्थांनी कार्यालयं गुंडाळली. कार्यालय गेलं की तंत्रज्ञ गेला, आणि हप्ते फेडून झालेल्यांच्या दुरुस्तीचाही प्रश्न उभा राहिला.

म्हणून फुकट देणं वाईट, असा सरसकट अर्थ काढणं बरोबर नाही. ज्याच्याकडे पहिली रक्कमही नाही, त्याला मदत हवीच. पण एकाच गावात एक हप्त्यावर आणि एक फुकट असं झालं, की सेवा देणारा छोटा धंदा आधी मरतो.

आपल्याकडे याचा संबंध काय?

मुंबईजवळच्या घारापुरी बेटावर समुद्राखालच्या केबलनं वीज आली ती 2018 मध्ये. तोवर तिथं संध्याकाळी काही तास चालणारा जनरेटर हाच आधार. नंदुरबारमध्ये नर्मदेच्या बुडित क्षेत्रातल्या काही पाड्यांवर आजही बोटीनं जावं लागतं. गडचिरोली, मेळघाटातल्या दूरच्या वस्त्यांचं पावसाळ्यात बेटच होतं.

इथं एक गैरसमज दूर करायला हवा. छतावरच्या सोलरसाठी पीएम सूर्यघर योजनेत 1 किलोवॅटला 30 हजार, 2 किलोवॅटला 60 हजार आणि 3 किलोवॅट वा जास्तीला 78 हजार रुपये अनुदान आहे. पण ही योजना ग्रीडला जोडलेल्या घरांसाठी आहे. बॅटरी नसेल तर लाइट गेली की असं सोलरही सुरक्षेसाठी आपोआप बंद होतं. ज्या वस्तीत वायरच नाही किंवा लाइट दोन-दोन दिवस जाते, तिथं बॅटरीचा संचच लागतो. आणि बॅटरी काही वर्षांनी बदलावीच लागते.

ग्रामसभेत विचारायचे चार प्रश्न

सोलर दिव्यांचा ठराव आला, तर सही-अंगठ्याआधी एवढं विचारून घ्यावं:

1. वॉरंटी कार्ड कुणाच्या नावावर, आणि ते ग्रामपंचायतीत आहे का?
2. बिघाड झाला तर कोण येणार, किती दिवसांत?
3. बॅटरी बदलायचे पैसे आत्तापासून कुठल्या खात्यात जमा होणार?
4. गावातल्या कुण्या आयटीआय झालेल्या तरुणाला किंवा बचत गटाला हे काम शिकवून पगारी दिलं जाणार का?

चौथा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा. गावातच दोन पैसे कमावणारा दुरुस्तीवाला असेल, तर पहिले तीन प्रश्न सोपे होतात. तो नसेल, तर बॅटरी बसल्यावर तक्रार करायलाही तालुक्याला जावं लागणार.