मजुरीचा रकाना

सहलीहून परत आलं की शेजारीपाजारी पहिला प्रश्न एकच विचारतात, "काय काय आणलंत?" भुजहून परतल्यावर मलाही तोच प्रश्न आला. मी आणलाय भिंतीवर लावायचा एक चौकोनी चाकळा, वीतभर लांब, वीतभर रुंद. त्याच्याबरोबर एक टोचणीही आलीय. चाकळा सगळ्यांना दाखवून झाला. टोचणीबद्दल आज लिहिते.

आमच्या बार्शीच्या महिला मंडळातल्या आणि बचतगटातल्या आम्ही चौदाजणी पुण्याहून भुजच्या गाडीनं निघालो. कुणाची पहिलीच मोठी सहल, कुणी नवऱ्याला चार दिवसांची भाजी चिरून ठेवून आलेली. कच्छ म्हटलं की डोळ्यांपुढे येतं ते पांढरं रण आणि आरशांचे घागरे. भुजला उतरल्यावर आम्ही आधी गाव पाहिलं. १५४९ मध्ये राव खेंगारजींनी भुजला कच्छची राजधानी केलं. तिथला आयना महाल अठराव्या शतकातला. तो रामसिंह मालम नावाच्या कारागिराच्या हातचा. समुद्रावर भरकटलेला हा माणूस हॉलंडला पोचला, काच आणि मुलाम्याचं काम तिथे शिकला आणि परत येऊन राजासाठी आरशांचा महाल उभा केला, असं सांगतात. शेजारच्या प्राग महालाचा उंच मनोरा पाहिला, हमीरसर तलावाच्या काठी बसून दाबेली खाल्ली.

पण भुजमध्ये फिरताना आम्हां बार्शीच्या बायकांच्या पोटात मधूनच कालवत होतं. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपाच्या खुणा तिथे अजून आहेत. जुन्या भिंतींवर भेगा आहेत आणि सांगणाऱ्यांचा आवाज अजून बदलतो. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारी हादरलं तेव्हा मी शाळेत होते. अनंत चतुर्दशीचं विसर्जन आटोपून लोक झोपलेले, आणि पहाटे भांडी खाली पडली म्हणून आमची सगळी गल्ली रस्त्यावर आली होती. त्यामुळे भुजच्या लोकांशी आमचं नातं जुळायला वेळ लागला नाही.

दुसऱ्या दिवशी आजूबाजूच्या गावांत गेलो. आधी भुजोडी. भुजपासून आठ किलोमीटरवर विणकरांचं गाव. घरोघरी खड्ड्यात पाय सोडून मागावर बसलेले पुरुष आणि त्यांच्या हातांखाली तयार होणाऱ्या शाली. दुकानांच्या पाट्यांवर नावं पुरुषांची, भिंतींवर लावलेल्या प्रमाणपत्रांवरही बहुतेक त्यांचीच. एका घरात मी मागच्या अंगणात डोकावले. तिथे सासू आणि सून कांड्या भरत बसल्या होत्या. ताणा तयार करायला, त्याला खळ द्यायलाही घरातल्या बायका लागतातच. सोलापूरकडच्या आम्हां बायकांना हे चित्र नवीन नाही. "तुम्हीपण विणकर का?" असं मी सुनेला हिंदीत विचारलं. ती हसली आणि म्हणाली, "नहीं बेन, बुनाई तो ये करते हैं. हम तो घर का काम करते हैं." हातातली कांडी मात्र फिरतच होती.

तिथून अजरखपूरला गेलो. हे गाव भूकंपानंतर वसलं. धमडका या मूळ गावच्या पाण्यात लोहाचं प्रमाण वाढलं आणि अजरखच्या छपाईला ते पाणी चालेना, म्हणून खत्री कारागिरांतल्या बऱ्याचजणांनी नवी जागा घेतली. पाण्यापायी अख्खं गाव हललं, हे ऐकून आमच्यातल्या एकीनं कपाळाला हात लावला. आमच्या बार्शीतही पाण्याचं दुखणं जुनंच आहे.

आणि मग सुमरासर. टोचणी लागली ती इथे.

१९७१ च्या युद्धानंतर सिंधमधल्या थरपारकर भागातून कच्छमध्ये आलेल्या लोकांची वस्ती इथे आहे. त्यांच्या बायका 'सुफ' नावाचं भरतकाम करतात. आपण कापडावर आधी पेन्सिलनं नक्षी काढून घेतो. यांच्याकडे तसं काही नाही. कापडाचे उभे-आडवे धागे मोजायचे आणि उलट्या बाजूनं टाका घालायचा. सुलट बाजूला त्रिकोणात्रिकोणांची नक्षी उमटत जाते. एक धागा चुकला तर पुढची सगळी ओळ चुकते. एक पन्नाशीच्या ताई ओसरीवर बसून हे काम करत होत्या. चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली.

त्यांच्याजवळचा एक चाकळा मला आवडला. किंमत अडीच हजार. मी काही बोलायच्या आधीच आमच्यातली एक म्हणाली, "बाराशेला द्या ना. बाजारात असलाच अडीचशेला मिळतो." आणि खरं सांगते, मीसुद्धा मान डोलावली. घासाघीस केल्याशिवाय घेतलेली वस्तू आपल्याला गोड लागत नाही.

त्या ताई रागावल्या नाहीत. त्यांनी चाकळा उलटा केला, माझ्यासमोर धरला आणि म्हणाल्या, "बेन, गिनो."

मोजा, म्हणे! मी चष्मा लावून मोजायला बसले. बोटाच्या एका पेराएवढ्या जागेतच गोंधळले. मग विचारलं, किती दिवस लागले? त्या म्हणाल्या, दिवसाचं कुठे सांगता येतं, जनावरं, पाणी, स्वयंपाक आटोपला की दुपारी दोन-तीन तास बसायचं. असे दोन महिने गेले.

मी मनातल्या मनात हिशेब मांडला. काही दिवस सुटले तरी दीडशे तास झाले. कापड-दोऱ्याचे तीनशे रुपये वजा केले तर अडीच हजारांतून तासाला पंधरा रुपयेसुद्धा पडत नव्हते. आमच्या बाराशेच्या भावानं तर सहाच रुपये. सहा रुपयांत आज आमच्याकडे साधा चहासुद्धा मिळत नाही. मी मुकाट्यानं अडीच हजार मोजले.

पण मैत्रिणींनो, मला लाज वाटली ती घासाघिशीची नव्हे. लाज वाटली ती माझ्याच बचतगटाच्या वहीची.

आमचा गट शेवया, पापड आणि गोधड्या करतो. गोधडीची किंमत ठरवणारी मीच. वहीत मी कापडाचे पैसे लिहिते, दोऱ्याचे लिहिते, एस.टी.नं माल पाठवायचा खर्च लिहिते. पुढे एक रकाना आहे, मजुरी. गेली सहा वर्षं तो कोरा आहे. का? तर "घरबसल्याच तर करतो, त्यात कसली मजुरी?" हे मी स्वतः बोललेय, चारचौघींसमोर, अगदी कौतुकानं. शहरातल्या प्रदर्शनात एखादी बाई "फावल्या वेळातलंच काम ना हे?" म्हणाली की मला राग येतो. पण तिनं वेगळं काय म्हटलं? माझी वही तेच सांगत होती. आणि फावला वेळ म्हणजे तरी काय? दुपारी डोळा लागायची वेळ, नाहीतर रात्री सगळे झोपल्यावरची वेळ. भुजोडीच्या सुनेनं कांडी भरण्याला 'घर का काम' म्हटलं, तेव्हा मला वाईट वाटलं होतं. मी तरी दुसरं काय करत होते?

कच्छमध्ये हा हिशेब मांडायची सुरुवात फार पूर्वी झाली आहे. १९६९ च्या दुष्काळात मदतकार्यासाठी धाणेटी गावात गेलेल्या चंदाबेन श्रॉफ यांना दिसलं की तिथल्या बायका फुकटचं अन्न घ्यायला संकोचतात, पण त्यांच्या अंगावरच्या कपड्यांवर सुरेख भरतकाम आहे. त्यांनी बायकांना साड्या भरायला दिल्या आणि कामाचे पैसे दिले. त्यातून 'सृजन' ही संस्था उभी राहिली. आपल्याकडे १९७२ च्या दुष्काळात माझी आजी खडी फोडायला गेली होती. तिच्या हातची गोधडी गावात नावाजलेली होती. पण तिला पैसे मिळाले ते दगड फोडण्याचे, गोधडीचे कधीच नाहीत.

आणखी एक गोष्ट तिथे ऐकली, ती आपल्यातल्या 'कला जपायला हवी' म्हणणाऱ्या सगळ्यांनी ऐकावी. १९९५ साली कच्छमधल्या ढेबरिया रबारी समाजानं आपल्याच बायकांच्या भरतकामावर बंदी घातली. लग्नात मुलीनं सासरी न्यायच्या भरलेल्या कपड्यांची संख्या वाढत वाढत इतकी झाली होती की ते पूर्ण होईपर्यंत पाठवणीच होत नसे. कित्येकींची तिशी माहेरीच उलटायची. बंदी आली आणि बायकांनी बाजारातल्या तयार फिती, लेस लावून कपडे सजवायला सुरुवात केली. हे ऐकून आधी मी हळहळले. मग वाटलं, हळहळायला माझं काय जातं? सुई त्या मुलींच्या हातात होती, वर्षं त्यांची जात होती. जे काम मुलीनं करायचंच, आणि ज्याचा एक पैसाही तिच्या हातात पडायचा नाही, ते कितीही सुंदर असलं तरी ती वेठच. त्याच समाजातल्या काहीजणी आज संस्थांसाठी भरतकाम करतात ते मजुरी घेऊन. टाका तोच, पण आता त्याचा दाम तिच्या हातात येतो.

परत आल्यावर पहिल्याच बैठकीत मी वही उघडली. मजुरीचा रकाना भरायचा म्हटल्यावर कुजबुज झाली. आमच्यातल्या सगळ्यांत वडीलधाऱ्या काकू म्हणाल्या, "अगं, धावदोरा घालायचे कसले पैसे? हात रिकामे ठेवायचे का?" मी म्हटलं, "काकू, एका गोधडीला किती दिवस लागतात?" त्यांनी कधी मोजलेच नव्हते. आम्ही सगळ्यांनी मिळून मोजले. मग माफक मजुरी धरली, आणि नऊशेची गोधडी अठराशेची झाली.

आता खरं काय झालं तेही सांगते. पुढच्या प्रदर्शनात पाच गोधड्या नेल्या, त्यातल्या दोनच खपल्या. एरवी पाचही जायच्या. गटात दोघी नाराज आहेत. "तुमच्या कच्छनं आमचा धंदा बसवला," असंही ऐकून घेतलं. त्यांचं म्हणणं मी उडवून लावत नाही. ज्या घरात चूलच त्या पैशांवर पेटते, तिला थांबायला सांगणं सोपं नाही. पण पाच गोधड्यांत कापडाचे पैसे वजा जाऊन जेवढं उरायचं, त्याहून दोन गोधड्यांत फार कमी उरलं नाही. आणि तीन गोधड्या अजून हातात आहेत.

त्या दोनातली एक काकूंची. मजुरीचे पैसे मी वेगळ्या पाकिटात घालून त्यांना दिले. त्यांनी दोनदा मोजले, पदराला गाठ मारली आणि म्हणाल्या, "हे माझ्या हाताचे ना गं? मग घरात सांगायचं नाही."

तुम्ही कच्छला जरूर जा. रण बघा, महाल बघा. गावात कुणी ओसरीवर टाका घालत बसलेली दिसली तर भाव करण्याआधी तो तुकडा उलटा करून पाहा. आणि घरी परत आलात की आपलीही वही एकदा उघडा. तो रकाना आपणच कोरा ठेवला, तर दुसरं कुणी येऊन भरणार नाही.