जुनी आवृत्ती मोडीत काढण्याची घाई नको

संपादक महोदय,

घरच्या फ्लाइट सिम्युलेटरची जुनी आवृत्ती वापरत राहणे हा निव्वळ हट्ट, असे गेल्या अंकातील पत्रलेखक म्हणतात. दृश्यांपुरते ते मान्य. मायक्रोसॉफ्टच्या २०२० च्या आवृत्तीत जमीन बिंग नकाशांच्या चित्रांवरून उभी राहते; २००६ ची ‘एक्स’ त्यापुढे फिकी. पण ही जमीन इंटरनेटवरून येते. २०२० ची आवृत्ती नेट नसताना निदान साध्या दृश्यांवर उडते, २०२४ ची तर जोडणीवाचून चालतच नाही. नेटचा हा खर्च पत्रलेखकांनी धरलाच नाही.

गंमत म्हणजे ‘एक्स’चे खरे दुखणेही त्यांच्या नजरेतून सुटले. ती ३२ बिटची. ४ जीबीपलीकडची मेमरी तिला वापरताच येत नाही. जड ॲड-ऑन घालून लांबचे उड्डाण करा, मोठ्या विमानतळावर उतरता उतरता ती हमखास मान टाकते. मग रॅम कितीही वाढवा!

शिवाय निवड या दोन टोकांतच कशाला? एक्स-प्लेन ११ हे सिम्युलेटर ६४ बिटचे आहे, दृश्ये डिस्कवरच ठेवते. व्हीओआर ही दिशादर्शक रेडिओ-केंद्रे धरून उडण्याचा सराव करायचा तर मी तेच घेईन.

आपला,
एक वाचक