डिझेलचा बोळा आणि लाल चिखल

पावसाळ्यात कोकणात रानोमाळ भटकून आलेल्या थारच्या दारांवर लाल डाग राहतात. आणि मग सुरू होतात फुकटचे सल्ले. "डिझेलचा बोळा मार, झटक्यात जाईल!" च्यायला, डिझेलने डांबर निघतं. जांभ्याच्या मातीचा लाल रंग लोहाच्या ऑक्साइडचा, त्याला डिझेल ढिम्म काही करत नाही. तेलकट चकाकीत डाग झाकतो, वर धूळ चिकटते ती वेगळीच.

त्याहून माझा खरा राग आहे तो वॉशिंग सेंटरवरच्या फडक्यावर. सकाळपासून दहा गाड्या पुसलेलं! चिखलात क्वार्ट्झची वाळू असते, काचेहून कठीण. वाळलेला चिखल घासणं म्हणजे रंगाला पॉलिश पेपर मारणं. मग ओरखडे घालवायला रबिंग कंपाउंड. अहो, वरचा क्लिअरकोट साधारण ४०-५० मायक्रॉनचा. डाग 'गेला' म्हणता तेव्हा त्या थरातलाच थोडा खरवडून गेलेला असतो!

मी गाडी स्वतः धुतो. सावलीत, पत्रा गार झाल्यावर. आधी नुसतं पाणी. चिखल भिजला की पुन्हा पाणी. हात लावायचा नाही. मग कार शाम्पू, दोन बादल्या: एक फेसाची, एक हातमोजा खळबळायची. उरलेली लाल छटा आयर्न रिमूव्हरने बऱ्याचदा उतरते, फक्त तो अंगावर वाळू द्यायचा नाही. अगदीच हट्टी डाग असेल तर क्ले बार, भरपूर ल्युब्रिकंट मारून. दोन तास जातात. लाखोंची गाडी घेणाऱ्याला रविवारचे दोन तास जड होतात?

(चाकांवरच्या कमानीत आतून साठलेला चिखल मात्र कोणीच बघत नाही. पत्रा सडायला लागतो तो तिथूनच.)