मळीचा रंग

मळीत रंग असतो, हे मला मराठीच्या प्राध्यापकाला गेल्या पाडव्याला कळले.

एक जुना विद्यार्थी फराळाला आला होता. कॉलेजात असताना त्याच्या कपड्यांना साखर कारखान्याच्या मळीचा वास येई. वर्ग हसे, एकदा मीही हसलो होतो.

त्याने खिशातून तपकिरी बाटली काढली. आत केशरी भुकटी.

“सर, हा मळीचा रंग!”

मळी पातळ करून उकळायची, निवली की ‘ऱ्होडोटोरुला’ नावाचे यीस्ट घालायचे आणि हवा खेळवत काही दिवस ढवळत ठेवायचे. यीस्ट साखर खाते आणि गाजरातलेच कॅरोटिन अंगात साठवते. पण पेशींची भिंत फोडल्यावाचून तो रंग हाती लागत नाही, आणि उजेडात उडतो.

“चार्वाकांनी चैतन्याला किण्वातून उपजणाऱ्या मदाचीच उपमा दिली,” मी पांडित्य पाजळले.

“किण्व म्हणजे यीस्टच ना? शब्द तुम्हीच शिकवलात, सर.”

“आणि त्या दिवशी हसलो, ते?”

तो क्षणभर गप्प राहिला. “वास तर अजून येतोच, सर.”

मी चकलीची बशी त्याच्यापुढे सरकवली. बाटली अजून माझ्या कपाटात आहे. उजेडापासून जपून ठेवली आहे.