साहाय्यकाचा अधिकार

केंद्र सरकारने 2014 साली ‘जीवन प्रमाण’ ही व्यवस्था सुरू केली आणि 2021 पासून चेहऱ्यावरून ओळख पटविण्याची सोय तिला जोडली, तेव्हापासून हयातीच्या दाखल्यासाठी दर नोव्हेंबरात बँकेच्या दारी तिष्ठत राहण्याचे निवृत्तिवेतनधारकांचे कष्ट पुष्कळ हलके झाले, हे कृतज्ञतेने मान्य केले पाहिजे. परंतु ज्या वृद्धाची स्मृती अल्झायमरसारख्या व्याधीने क्षीण होत चालली आहे, त्याच्यासमोर मोबाइल धरून सून “बाबा, डोळे मिटा, आता उघडा” असे पुनःपुन्हा विनवीत असते आणि तो मात्र पडद्याकडे न पाहता तिच्याच तोंडाकडे भांबावून पाहत राहतो, तेव्हा या साऱ्या यंत्ररचनेत एक माणूस गृहीतच धरलेला नाही, हे स्पष्ट दिसते. आणि तो माणूस म्हणजे मोबाइल धरणारी ती सून.

ओटीपीचेही तेच. संदेशातील सहा आकडे वाचावयाचे, क्षणभर मनात धरावयाचे आणि मुदत संपण्यापूर्वी दुसऱ्या पडद्यावर भरावयाचे, ही निरोगी माणसास किरकोळ वाटणारी क्रिया ज्या तात्कालिक स्मरणावर उभी आहे, तेच या आजारात ढासळत जाते. मग औषधे, वीजबिल, परिचारिकेचा पगार यांसाठी वृद्धाचा पिन घरातील कोणीतरी वापरू लागते. बँकेच्या नियमाप्रमाणे तो उघड नियमभंग असतो. त्यामुळे रात्रंदिवस शुश्रूषा करणारी मुलगी आणि म्हाताऱ्याला लुबाडणारा भामटा यांच्यात दप्तरी कसलाच भेद उरत नाही. हा मोठा अन्याय आहे.

यावर मुखत्यारपत्राचा उपाय सुचविला जातो. पण 1872 च्या करार कायद्याच्या 201 व्या कलमान्वये मुखत्यारपत्र करून देणाऱ्याची बुद्धी विचलित होताच मुखत्यारी संपुष्टात येते, म्हणजे तिची खरी निकड भासते त्याच वेळी. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यातील नामनिर्देशित प्रतिनिधीचा अधिकार उपचारापुरताच आहे; मालमत्तेच्या पालकत्वासाठी कुटुंबांना उच्च न्यायालय गाठावे लागते. साठीपुढील सुमारे 88 लाख भारतीयांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज 2023 साली प्रसिद्ध झाला. इतक्या घरांनी वकील आणि तारखा यांचा भार सोसावा, ही अपेक्षाच अवाजवी आहे.

म्हणून संसदेने करार कायद्याच्या 201 व्या कलमास अपवादाची तरतूद करावी आणि रिझर्व्ह बँकेने अशी तजवीज करावी की, समज शाबूत असतानाच वृद्धाने आपल्या साहाय्यकाची नोंद करून ठेवावी, त्या साहाय्यकास ठरावीक रकमेपर्यंतचे व्यवहार स्वतःच्या नावाने व ओळखीने करता यावेत आणि प्रत्येक व्यवहाराची खबर कुटुंबातील आणखी एकास जावी. तोवर, ज्यांच्या घरी स्मृतिभ्रंशाचे निदान नुकतेच झाले आहे त्यांनी विलंब न लावता, आईवडिलांना विचारून आणि त्यांच्या संमतीने, संयुक्त खाते, वारसाची नोंद व मृत्युपत्र ही कामे उरकून घ्यावीत.